चौसष्ट केबीतला समुद्र

माझ्या मुलीने केलेला गेम मला खेळता येईना, तिथून हे सगळं सुरू झालं.

ती स्वीडनमध्ये असते. आणखी दोघांबरोबर तिने तिकडे एक छोटीशी कंपनी काढली आहे, आणि तिघांनी काही वर्षं खपून एक गेम तयार केला. तो बाहेर आला त्या आठवड्यात तिने मला तो लॅपटॉपवर उतरवून घ्यायला लावला. ती फोनवरून बघत होती आणि मी परळच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून गेम खेळायच्या, दोन दांड्यांच्या पॅडशी झटापट करत होते. एका दांडीने होडी वळते, दुसरीने नजर वळते. मी होडी वळवायला जायची तर मला आकाश दिसायचं. नजर खाली आणायला जायची तर होडी खडकावर. त्यात लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, चित्र अडखळायला लागलं आणि मला चक्क बोट लागल्यासारखं मळमळायला लागलं.

"राहू दे गं आई," ती म्हणाली. "मी खेळतानाचा व्हिडिओ पाठवते तुला. तो बघ."

व्हिडिओ मी बघितला, दोनदा बघितला. धुक्यातली बेटं, एक वल्हवणारी बाई, एका बेटावरच्या माणसाची वस्तू दुसऱ्या बेटावर पोचवायची. कुणाला मारायचं नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. वारा पडला की थांबायचं. सगळ्या वस्तू पोचवून झाल्या की ती बाई शेवटच्या दीपगृहाच्या पलीकडे वल्हवत जाते आणि दिसेनाशी होते. फार सुंदर होतं. पण वल्हं माझ्या हातात नव्हतं. कुणीतरी दुसरं जेवतंय आणि आपण बघतोय, तसं वाटत होतं.

माझ्या मनाला ते जास्त लागलं, कारण एके काळी मी हेच काम करत होते.

ऐंशीच्या दशकात, लग्नाआधी, मी फोर्टमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होते. आम्ही सहा-सात जण. घरी टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर तेव्हा नुकतेच आले होते. म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि प्रोग्राम चढवायला कॅसेट प्लेअर. त्यांच्यासाठी आम्ही शाळेच्या मुलांचे पाढे, शब्दांची कोडी, लहानसहान गेम असं लिहायचो. त्या यंत्राची सगळी स्मरणशक्ती चौसष्ट केबी. आज मोबाइलवर कुणी 'सुप्रभात'चं फूल पाठवतं ना, ते त्याहून मोठं असतं. पण तेव्हा आम्हाला ती जागा ऐसपैस वाटायची. मी गिरगावातून चालत ऑफिसला जायची आणि वाटेत डोक्यात आकडे जुळवत जायची. कंपनी काही वर्षांनी बंद पडली तेव्हा मालकांनी प्रत्येकाला एकेक यंत्र निरोपाची भेट म्हणून दिलं. माझ्या लग्नाच्या सामानाबरोबर ते परळला आलं.

मुलगी चार-पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिच्यासाठी त्यावर गेम लिहायचे. टोपलीत बोंबील झेलायचे, असा एक होता. ती मांडीवर बसून नियम बदलायला लावायची. "मांजरालापण दे ना गं थोडे." मग मी मांजर घालायची. "मांजराला झोप येऊ दे." मग मांजर झोपायचं. पुढे मी एका मोठ्या ऑफिसात लागले. तिथे दुसऱ्यांनी लिहिलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामांची डागडुजी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलगी कॉलेजात असताना तिचे बाबा गेले. मग ती शिकायला बाहेर गेली आणि तिकडचीच झाली. मी निवृत्त झाले. यंत्र चादरीत गुंडाळून माळ्यावर पडून होतं.

आमचा फोन दर रविवारी दुपारी व्हायचा. तिकडे तेव्हा सकाळ असते.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"आत्ताच उठले गं."

"थंडी आहे?"

"आहे."

त्यापुढे मी इमारतीतल्या पाण्याचं सांगायची, ती कामाचं काहीतरी सांगायची. दोघी एकमेकींना जपून बोलायचो. पाहुण्यांसमोर मांडलेल्या कपबश्यांसारखं ते बोलणं होतं, कशालाही धक्का लागायला नको. फोन ठेवला की मला आठवायचं की काहीतरी विचारायचं राहिलं. काय, ते मात्र आठवायचं नाही.

व्हिडिओ बघितल्यानंतरच्या रविवारी मी म्हटलं, "तुझा गेम मी आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणते."

ती हसायलाच लागली. "आई, त्यातल्या एका ढगाचं चित्रसुद्धा तुझ्या त्या डब्यात मावणार नाही."

"मग ढग नको."

"ढग नको म्हणजे?" तिचं हसणं थांबलं. "ढग नसतील तर वारा कुठून येतोय ते कसं कळणार?"

"दीपगृहावर झेंडा लावते."

ती म्हणाली, "झेंडा किती ठिपक्यांचा?" आणि त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. कित्येक वर्षांत तसं झालं नव्हतं.

हे वेड माझं एकटीचं नाही, हे मला नंतर कळलं. जगभर अशी माणसं आहेत. आजचा गेम घ्यायचा आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर, त्या यंत्राच्या स्वतःच्या भाषेत, पहिल्यापासून पुन्हा लिहायचा. याला पोर्ट करणं म्हणतात. मुलीच्या भागीदाराने मला सुचवलं की कीबोर्डाच्या आत आजकालच्या चिपची एक बोटभर पट्टी बसवा, सगळा विचार ती करील आणि जुनं यंत्र नुसतं चित्र दाखवील. मी नको म्हटलं. मग तो त्या यंत्राचा गेम कसा होणार? म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून, 'हे डोंगर चढले' म्हणून हार घालण्यातला प्रकार. चढायचं तर त्यानेच चढायला हवं.

माळ्यावरून यंत्र काढलं. कळांमध्ये झुरळांची अंडी होती. ती साफ केली. वीजपुरवठ्याचा जुना डबा तसाच लावला तर आतल्या चिपा जळतात असं वाचलं होतं, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा बनवून घेतला. अडलं ते टीव्हीपाशी. आजच्या पातळ टीव्हीवर त्या यंत्राचं चित्र खरखरीत आणि परकं दिसतं. मला जुना, काचेच्या फुगीर पोटाचा टीव्ही हवा होता. परळ-लालबागमध्ये विचारलं तिथे तिथे लोकांनी भंगारात दिला म्हणून सांगितलं.

मग गिरगावातले अंकल आठवले. माझ्या माहेरच्या इमारतीमागे ख्रिस्ती लोकांची वाडी होती. आमच्या मागच्या खिडकीतून त्यांचं घर दिसायचं. ते व्हायोलिन वाजवायचे. उमेदीत रेकॉर्डिंग स्टुडिओत, लग्नांत, चर्चमध्ये. त्यांचा रियाज सुरू झाला की माझी आई म्हणायची, "चला, चार वाजले." आमची इमारत आता पाडली आहे. तिथे पत्रे ठोकलेत आणि आत क्रेन उभी आहे. वाडी मात्र आहे. मी गेले तेव्हा अंकल व्हरांड्यात बसले होते, ऐंशी पार केलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"तू मागच्या बिल्डिंगमदली ना? खिडकीत बसून आभ्यास करायची ती?"

त्यांच्या बैठकीत मला हवा तसाच टीव्ही होता. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर बाळ येशू. बंद होता, पण बिघडलेला नव्हता. मी का आले ते सांगितलं. त्यांना यंत्राचं काही कळलं नाही, पण 'गेमला म्युझिक आहे का' एवढं त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं.

"ह्यात पंचवीस-तीस वायलिन हायत," ते म्हणाले. "तुजी मशीन किती वाजवते?"

"तीन. एका वेळी तीनच सूर निघतात अंकल."

"तीन!" ते व्हरांड्याच्या कठड्यावर हात आपटून हसले. "त्यातला एक जेवायला गेला तर दोनच उरले! बरं. टीवी घेऊन जा. पण म्युझिक मी उतरवून देनार. तू त्याला हात लावू नको."

अशी माझी गिरगावची फेरी सुरू झाली. आठवड्यातून एकदा, दुपारी. अंकल त्या तीस व्हायोलिनांतून तीन ओळी निवडायचे, एकेक ओळ वाजवून दाखवायचे आणि मी ती लॅपटॉपवर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामात, उतरवून घ्यायची. त्यांची बोटं आखडली होती, गज मधूनच घसरायचा. मग ते थांबायचे, हात झटकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी त्यांना यंत्राची एक युक्ती ऐकवली. तीन सूर फार झपाट्याने आलटून पालटून वाजवले की कानाला ते एकदम वाजल्यासारखे वाटतात.

"हे काय? मच्छर गातो काय?" ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "परत लाव तो मच्छर." मग त्यांनी त्या मच्छरासाठी खास जागा काढली, वारा सुटतो तिथे.

त्या दिवशी निघताना मी त्यांना म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास देते मी. ते म्हणाले, "त्रास कसला? आयुष्यभर मागच्या रांगेत बसून वाजवलं. समोर ठेवलं ते वाजवलं. कुटला सूर ठेवू नि कुटला काढू, हे मला कोनी विचारलंच नाय कदी." मागे त्यांची नात्यातली कुणी मुलगी चहाचे कप उचलत होती. ती हसली. अंकल हसले नाहीत.

घरी मी समुद्राशी झगडत होते. मुलीच्या गेममध्ये समुद्र हाच जीव आहे. त्याची एकेक लाट वेगळी उठते. ते माझ्या यंत्राच्या आवाक्यातलं नव्हतंच. महिनाभर मी नाना तऱ्हा करून पाहिल्या. एक तर समुद्र गोठलेला दिसायचा नाहीतर होडी रांगायला लागायची. मग फोर्टच्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. या यंत्राचा पडदा लाद्या बसवल्यासारखा असतो. छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येकात कुठलं नक्षीचं चित्र लावायचं ते आपण सांगायचं. पाण्याच्या सगळ्या चौकोनांत मी एकच चित्र लावलं, एक बारकीशी लाट. आणि मग पडद्याला हात न लावता फक्त ते एक मूळ चित्र एकेक ठिपका सरकवत नेलं. एका लादीचं चित्र हललं, आणि त्याबरोबर सगळा समुद्र हलला.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बघितलं. हलत होता.

तो रविवार नव्हता तरी मी मुलीला फोन लावला आणि मोबाइल टीव्हीसमोर धरला. ती ऑफिसात होती.

"दिसतंय का गं?"

"आई," ती म्हणाली, "थांब. हलवू नकोस फोन." मग तिने तिच्या दोन्ही भागीदारांना हाक मारली. तिघं मोबाइलच्या छोट्या चौकोनात दाटीवाटीने उभे राहून परळमधला समुद्र बघत होते. एकाने इंग्रजीत विचारलं, या लाटेला किती बाइट जागा लागली? "आठ," मी सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला, आणि माझी मुलगी त्याला म्हणाली की ही माझी आई आहे. त्यांना ते आधीच माहीत होतं.

खरी भांडणं झाली ती बेटांवरून. तिच्या गेममध्ये पुष्कळ बेटं आहेत, माझ्याकडे जागा थोड्यांनाच होती. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं, यावर आम्ही रविवारमागून रविवार वाद घातला. घंटेचं बेट गेलं. बकऱ्यांचं बेट तिने हट्टाने ठेवायला लावलं. एका बेटावर नुसता एक म्हातारा बाकावर बसलेला होता. त्याला काही पोचवायचं नसतं, तो काही देत नाही, बोलतही नाही. मी तो काढून टाकला आणि सांगायचीही गरज वाटली नाही.

मी पाठवलेला गेम ती तिकडे तसल्याच नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर लावून बघायची; पुढच्या रविवारी तिने विचारलं. "आई, म्हातारा कुठाय?"

"काढला. त्याचं कामच नाही काही."

"त्याचं काम नाही म्हणूनच तो आहे ना! तिथे नुसतं बसायचं असतं."

"कशाला?"

"पहिल्या वर्षी मी जिथे राहायचे ना," ती म्हणाली, "तिथे खाली एक आजोबा राहायचे. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मला त्यांची भाषा येत नव्हती. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधार होतो. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. ते कॉफी द्यायचे. बोलायचो नाही. नुसतं बसायचो, आणि मग मी वर यायचे."

"रोज?"

"जवळजवळ."

त्या हिवाळ्यात मी तिला दर रविवारी विचारत होते, सगळं ठीक ना? आणि ती सांगत होती, मस्त आहे गं, बर्फ आहे. तिने पाठवलेले बर्फाचे फोटो मी शेजारपाजारी दाखवले होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"बाबा नुकतेच गेले होते. तू एकटी होतीस. काय सांगू?"

मी म्हाताऱ्याला परत आणलं. जागा करायला धुकं काढावं लागलं. ती म्हणाली, चालेल.

असं करता करता वर्ष सरत आलं. गेम बहुतेक झाला होता. पण मी 'झाला' म्हणत नव्हते. झेंडा नीट फडफडत नाही, बकरीचा रंग चुकलाय, गाण्याच्या दुसऱ्या ओळीत एक सूर उशिरा येतो, असं दर आठवड्याला माझं काहीतरी निघायचं. तीही त्यात मन लावून शिरायची. मला माहीत होतं मी काय करत होते. गेम झाला की रविवार पुन्हा 'जेवलीस का'वर येणार, याची धास्ती होती.

आणि एक दोष मी तिला सांगितलाच नव्हता.

होडी कुठे आहे हे यंत्राने लक्षात ठेवण्यासाठी मी एक आकडा ठेवला होता, पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजत जाणारा. असा एक आकडा जिथे राहतो त्या घरात जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न मावतात. त्यात एक मिळवला की तो पुन्हा शून्य होतो. त्यामुळे ती बाई शेवटच्या दीपगृहाच्या पलीकडे गेली की पडद्याच्या उजव्या कडेला नाहीशी व्हायची आणि पुढच्या क्षणी डाव्या कडेने, जिथून ती पहिल्यांदा निघाली त्या बेटापाशी, परत यायची. नवशिक्या प्रोग्रामरची चूक. पहिल्यांदा दिसली तेव्हाच मला कळली होती, दोन ओळींचं काम होतं. मी ते केलं नाही. कधी कधी दुपारी मी तेवढ्यासाठीच गेम लावायची. ती जायची. आणि यायची.

एका रविवारी मुलगी फोनवर येताच म्हणाली, "मी काल शेवटपर्यंत खेळले. आई, ती परत येते."

"हं."

"हा बग आहे."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

पलीकडे तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काढला का नाहीस मग?"

"बरं वाटायचं गं बघायला," मी म्हटलं.

मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. ती हळूच म्हणाली, "आई, ती परत येत नाही. गेमच तो आहे."

"का येत नाही पण? एवढी सगळ्यांची कामं करते, सगळी बेटं तिची ओळखीची. कुणी तिला जा म्हटलेलं नाही. मग का जाते?"

"पुढे काय आहे ते बघायचंय तिला. कुणावर रागावून नाही गेली ती." मग म्हणाली, "तिला आठवण येत नाही असं थोडंच आहे? मागे वळून बघायचं एक बटण होतं बघ मोठ्या गेममध्ये. लोक शेवटी ते दाबतातच. मी ते मुद्दाम चालू ठेवलंय, अगदी शेवटपर्यंत."

माझ्या गेममध्ये तसलं बटण नव्हतं. नजरेची दांडी मी पहिल्याच दिवशी गाळली होती.

फोन ठेवल्यावर मी त्या दोन ओळी लिहिल्या. आकडा शेवटाला पोचला की पुढे जाऊ द्यायचा नाही, होडी पुसायची, समुद्र तसाच हलता ठेवायचा. लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. मग गेम लावला, सगळी बेटं केली, शेवटच्या दीपगृहापाशी आले आणि वल्हवत राहिले. होडी उजव्या कडेला गेली. एक ठिपका उरला, मग तोही गेला. मी डाव्या कडेकडे बघत बसले. पाणी हलत होतं. अंकलच्या तीन ओळींतल्या दोन थांबल्या आणि एकच वाजत राहिली, तीसुद्धा बारीक होत गेली. तो शेवट त्यांनीच तसा उतरवला होता. मला तेव्हाच कळलं की तो किती विचार करून उतरवला होता. मी रडले. मग उठून कुकर लावला.

आम्ही तो गेम जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांसाठी फुकट सोडून दिला. कुठून कुठून पत्रं आली. पोलंडमधल्या एका माणसाने लिहिलं की त्याची मुलगी पहिल्यांदाच त्याच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी खेळली. अंकलना मी लॅपटॉपवर सगळा गेम दाखवायला घेऊन गेले. त्यांनी गेमकडे पाहिलंच नाही, कान देऊन बसले होते. संपल्यावर म्हणाले, "तो मच्छर बरा बसला." नंतर व्हरांड्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते मी असेपर्यंत थांबवून सांगत होते, हे माजं म्युझिक हाय.

मुलगी जानेवारीत आली, तीन वर्षांनी. थोडेच दिवस होते. मी यंत्रावर हिंदमाताच्या बाजारातून आणलेल्या कापडाची नवी झूल शिवून घातली होती. मला वाटलं, आल्या आल्या ती ते लावील. ती आली आणि झोपली. मग दादरला गेली, मैत्रिणींना भेटली, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून ठसका लागेपर्यंत फिरली, तळलेले बोंबील मागून मागून खाल्ले. झुलीखालचं यंत्र तसंच.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आत जरा पडले होते. संगीत ऐकू आलं. बाहेर आले तर ती टीव्हीसमोर जमिनीवर, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसली होती. पाठमोरी. केस मानेवर बांधलेले. वल्हवायच्या दोन कळा ती एका लयीत दाबत होती. मी चहा टाकला. कप घेऊन आले तेव्हा होडी म्हाताऱ्याच्या बेटाला लागलेली होती. तिने हात कळांवरून काढले होते. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात माझे, पण बसले. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. आम्ही दोघी चहा प्यायलो.

"लाटेचा रंग मस्त जमलाय," ती म्हणाली.

"सोळाच रंग आहेत. निळे दोनच, त्यातला हा बरा."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना तिकडच्या कुठल्याशा शाम्पूचा वास होता. मला तो वास ओळखीचा नव्हता. गेम तिने त्या दिवशी पुरा केला नाही. बॅग भरायची राहिली होती.

ती गेली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी फोन आला. जेवलीस का, हो, तू, आत्ताच उठले. थंडी आहे? आहे. मग दोघी थांबलो. पोर्टविषयी बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"तुला तिकडे एकटं वाटतं का गं अजून?" मी विचारलं.

"कधी कधी," ती म्हणाली. "आज वाटतंय."

"मलापण," मी म्हटलं.

पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.